सरांनी शेअर विकले नव्हते

आमच्या कंपनीच्या वरच्या लोकांनी आपले शेअर विकले, ही बातमी माझ्याच टेबलावर आली. मी तेव्हा नांदेड आवृत्तीत उपसंपादक होते आणि अर्थविषयक पान माझ्याकडे होतं. दुपारची वेळ. वार्ताहर बाहेर गेलेले, डेस्कवरची माणसं अजून यायची होती. वृत्तसंस्थेच्या बातम्या स्क्रीनवर येत होत्या. सोयाबीनचे भाव, बँकांचे व्याजदर, आणि त्यात मध्येच आमच्या पेपरचं नाव. व्यवस्थापकीय संचालक, वित्त विभागाचे प्रमुख आणि आणखी दोन वरिष्ठ अधिकारी यांनी गेल्या काही आठवड्यांत स्वतःकडचे बरेचसे शेअर विकले होते. अशी विक्री शेअर बाजाराला कळवावी लागते. त्यांनी ती कळवली होती आणि तिथून ती वृत्तसंस्थेकडे गेली होती. लपवाछपवी काही नव्हती. चार ओळींची बातमी होती.

मी ती पुन्हा एकदा वाचली आणि सरांच्या केबिनमध्ये गेले.

सर म्हणजे कंपनीचे मराठवाडा विभागाचे प्रमुख. मूळचे उदगीरचे. घरचं कापडाचं दुकान होतं, ते धाकटा भाऊ सांभाळायचा. हे एकटे पेपरच्या नादी लागले. उदगीरचे वार्ताहर म्हणून सुरुवात केली आणि चढत चढत इथपर्यंत आले. सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायचे नाहीत, आणि ऑफिसात आले की पहिला चहा शिपायाबरोबर उभ्यानं प्यायचे. 

मी बिलोलीची. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. पदवी घेऊन या ऑफिसात आले तेव्हा सरांनी माझ्या हातात पाणीपुरवठ्याचं एक लांबलचक पत्रक दिलं आणि ते लहान करायला सांगितलं. मी केलं. आणखी लहान कर म्हणाले. मी आणखी केलं. शेवटी तीनच ओळी राहिल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "आता सांग, नळाला पाणी कधी येणार हे यात कुठं आहे?" ते कुठंच नव्हतं. मूळ पत्रकातही नव्हतं. "लोकांना तेवढंच पाहिजे असतं बघ," ते म्हणाले, आणि पाणीपुरवठा कार्यालयाचा नंबर मला फिरवायला लावला. माझी नोकरी त्या दिवसापासून सुरू झाली.

त्यांना सगळ्यांचं सगळं सांगायची सवय होती. कुणाच्या आईचा गुडघा दुखतोय तर कुठल्या डॉक्टरकडे न्यावं, पोराला लातूरला शिकवणीला ठेवायचं तर कुठल्या भागात खोली घ्यावी, स्कूटर कुठली घ्यावी. माझं लग्न ठरत होतं तेव्हा ते बुद्धपौर्णिमेला आमच्या घरी बिलोलीला आले, आईनं केलेली खीर खाल्ली आणि वडिलांना म्हणाले, "पोरगा मी पाहिलाय, गुरुजी. द्या." वडिलांनी दिली. सरांनी सांगितलेलं सहसा चुकायचं नाही. त्यामुळे आम्ही विचारत गेलो आणि ते सांगत गेले.

त्या दुपारी त्यांनी बातमी उभ्यानंच वाचली.

"खरी आहे का?"

"बाजाराच्या संकेतस्थळावर बघून आले सर. आहे."

"मग घे पानात."

"मुंबईच्या मुख्य ऑफिसला विचारायचं का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दुसऱ्या कुणाची कंपनी असती तर विचारलं असतंस?"

"नाही."

"मग झालं तर."

मी ती एका कॉलमात लावली. आमच्या पेपरच्या बाकी कुठल्याच आवृत्तीत ती आली नाही, हे दुसऱ्या दिवशी कळलं. मुंबईहून फोन आला तेव्हा सरांनी केबिनचं दार लावून घेतलं. बाहेर काही ऐकू आलं नाही. त्यांना मुंबईला बोलावून घेतलं एवढं समजलं.

ही साधी बातमी आमच्याकडे इतकी मोठी का झाली, ते सांगायला हवं. कंपनी बाजारात उतरली तेव्हा कर्मचाऱ्यांसाठी काही शेअर राखून ठेवलेले होते. आम्ही सगळ्यांनी थोडे थोडे घेतले. पण गावोगावच्या एजंटांनीही घेतले. एजंट म्हणजे पहाटे स्टँडवर उतरलेले गठ्ठे सोडून अंक घरोघरी पोचवणारी माणसं. जन्मभर दुसऱ्याचा पेपर विकला, आता आपण त्याचे मालक होणार, ही गोष्ट त्यांना फार आवडली होती. ती त्यांना समजावून सांगायला सरच तालुक्या तालुक्याला फिरले होते. सरांना तर पदाबरोबर, पगाराचा भाग म्हणून, बरेच शेअर मिळाले होते. 

मुंबईहून सर आले ते खुशीत आले. आम्हाला सगळ्यांना बसवून त्यांनी सांगितलं की वित्तप्रमुखांशी निवांत बोलणं झालं. एकानं घर बांधायला काढलंय, एकाची मुलगी परदेशी शिकायला चाललीय. काळजी करण्यासारखं काही नाही.

"माझ्या भावानं दुकान वाढवायला शेताचा तुकडा विकला," ते म्हणाले, "म्हणून काय आमची शेती बुडाली का? माणसाला खर्च असतात."

मागून कुणीतरी विचारलं, "सर, तुमचे?"

"माझे आहेत तसे आहेत. एकही विकला नाही. विकणारही नाही."

खोलीतला ताण एकदम सैल झाला. लोक खुर्च्या मागे सरकवून उठले, कुणीतरी भजी मागवली. मलाही बरं वाटलं. सरांनी विकले नाहीत यापुढे मला आणखी काही ऐकायची गरज वाटली नाही.

पण गावोगावचे एजंट फोन करत राहिले. मग सरांनी ठरवलं की स्वतः फिरून यायचं. बिलोली, देगलूर झालं. मग लातूर. लातूरला आमचा छापखाना होता, तिथल्या माणसांपुढे ते बोलले. तिथून उदगीर आणि देवणी. देवणीला मी त्यांच्याबरोबर होते, कारण रविवारच्या पुरवणीसाठी मला तिथल्या प्रसिद्ध देवणी जातीच्या गाईंवर लिहायचं होतं.

देवणीच्या एजंटांना आम्ही सगळे काका म्हणायचो. स्टँडजवळ पत्र्याच्या शेडमध्ये ते बसायचे. उन्हाळ्यात तो पत्रा असा तापायचा की अंकाची पानं हातात कडकडायची. सरांच्या वार्ताहरकीच्या दिवसांत हेच काका त्यांचा मजकूर एसटीच्या कंडक्टरच्या हातात देऊन पाठवायचे, इतकी जुनी ओळख होती. त्यांनी आम्हाला घरी नेलं. काकूंनी ज्वारीची भाकरी आणि पिठलं केलं. जेवण झाल्यावर काका जरा सावरून बसले.

"साहेब, एक इचारू का?"

"विचारा की काका."

"वरचे लोक आपापले शेअर इकून राहिले म्हनं. पेपरातच आलं व्हतं. मी बी इकावं म्हनतो. स्टँडसमोर गाळे बांधून राहिलेत, एक बोलून ठेवलाय. लई वर्सं झाली त्या पत्र्याखाली."

सरांचं बोलणंही उदगीरच्या पलीकडे गेलं की बदलायचं. "काका, मी इकले का?"

"न्हाई इकले?"

"एक बी न्हाई. थांबा वर्षभर. अजून चांगले होतील. मंग गाळा काय, दोन गाळे घ्या."

"बस मंग," काका म्हणाले.

आतून काकू म्हणाल्या, "अवं, पर गाळ्याचं बोलून ठेवलंय ना तुमी?"

"गाळा काय पळून चाललाय का?" काकांनी त्यांना सांगितलं, आणि मग गोठ्याकडे नेऊन मला त्यांची गाय दाखवली. पांढरी, तोंड काळं. तिचं वंशावळीसकट वर्णन त्यांनी इतक्या आनंदानं केलं की माझा लेख तिथंच तयार झाला. परत येताना सरांनी उदगीरला गाडी थांबवून आम्हाला भावाच्या दुकानात चहा पाजला. ते समाधानी होते. आपली माणसं घाबरली होती, आपण जाऊन धीर देऊन आलो, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

हिमायतनगरला जायचं मात्र राहून गेलं. त्या दिवशी नांदेडला मंत्र्यांचा दौरा निघाला आणि सरांना थांबावं लागलं. तिथल्या एजंटानं वाट पाहिली, आणि सर येत नाहीत म्हटल्यावर आपले सगळे शेअर विकून टाकले.

पुढच्या तिमाही निकालात कंपनी तोट्यात गेल्याचं जाहीर झालं. शेअर पडायला लागला तो पडतच राहिला. सर म्हणायचे, सावरेल. आम्हीही एकमेकांना तेच म्हणायचो. अर्थविषयक पानावर रोज भावांचा तक्ता लागायचा. त्यात आमच्या कंपनीची ओळ कुठं आहे हे मला न बघता माहीत होतं, तरी नजर तिथं जायचीच. मग एका सकाळी सरांनी मला घरी फोन करून लवकर बोलावलं.

"लातूरला जायचंय. चल माझ्याबरोबर."

"काय झालं सर?"

"छापखाना बंद करतायत. लातूरची आवृत्ती आता दुसऱ्या शहरातून निघणार. आपल्याकडचीही निम्मी माणसं कमी करणार आहेत." थोडं थांबून म्हणाले, "मला काल संध्याकाळी कळवलं."

अहमदपूरला नेहमीच्या हॉटेलपाशी ड्रायव्हरनं गाडी हळू केली. सरांनी हातानंच पुढं चल म्हटलं.

लातूरच्या छापखान्यात दुपारी मशीन बंदच असायचं, तसं ते बंद होतं. कागदाच्या मोठमोठ्या रिळांच्या मध्ये माणसं उभी होती. काहींना अंदाज आलेला. सरांनी मुंबईहून आलेला मजकूर वाचून दाखवला. एरवी ते कुठलाही मजकूर वाचताना शब्द सुधारत वाचायचे, त्या दिवशी जसा होता तसा वाचला. कुणाला किती दिवसांत जायचंय, काय मिळणार आहे, ते सगळं त्यात होतं.  

मशीनचे फोरमन पुढं आले. छापखाना उभा राहिला तेव्हापासूनचे. त्यांचा आवाज मशीनच्या खडखडाटात ओरडून ओरडून कायमचा मोठा झालेला होता, पण तेव्हा ते हळू बोलले.

"सर, मागच्या बारीला तुमी हितंच उभं राहून बोलले व्हते."

"हो."

"तवा हे तुमाला ठाऊक व्हतं का?"

"नव्हतं."

फोरमननी मान हलवली. त्यांचा विश्वास बसला होता, हे मला स्पष्ट दिसलं. मग त्यांनी विचारलं, "इकनाऱ्यांनी तुमाला का सांगितलं न्हाई?"

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच समजत नव्हतं. इतकी वर्षं कंपनीत असलेला, तिच्यासाठी गावोगाव फिरणारा माणूस, त्याला का सांगितलं नसेल? सरांनी हातातल्या कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. परत येताना चाकूर मागे पडल्यावर ते एकदाच बोलले. "त्याचं बरोबर आहे," एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुंबईला वित्तप्रमुखांना फोन लावला. मी पान दाखवायला केबिनमध्ये गेले होते, त्यांनी मला बस म्हणून खूण केली. बोलणं हिंदीत चाललं होतं. सरांनी सरळ विचारलं की शेअर विकताना तुम्हाला हे सगळं माहीत होतं का. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. सर ऐकत राहिले, मग बरं म्हणाले आणि फोन ठेवला.

"काय म्हणाले सर?"

"म्हणाला, मी माझे विकले. तुम्ही विकू नका असं मी तुम्हाला कधी म्हणालो का?" सर खिडकीतून बाहेर बघत होते. "खरंच आहे. तो नव्हता म्हणाला. लोकांना मीच म्हणालो."

त्यानंतर एक कुजबूज सुरू झाली. सरांनीही विकले होते, गुपचूप, दुसऱ्याच्या नावानं, आणि आपल्याला थांबा म्हणून सांगत फिरले. लातूरच्या चहाच्या टपऱ्यांवर ते आधी बोललं गेलं असावं. नांदेडच्या ऑफिसात मी ते कँटीनमध्ये ऐकलं, आणि बोलणारा तोच होता ज्यानं त्या दिवशी भजी मागवली होती. मी तशीच सरांकडे गेले.

"सर, लोक असं बोलतायत. तुमचे शेअर आहेत तसे आहेत हे दाखवून टाका एकदाचं. तोंडं बंद होतील."

"दाखवू? आणि काय होईल?"

"तुमच्यावरचा आळ जाईल."

"माझे गेले हे दाखवलं म्हणजे त्यांचे परत येणारेत का?" ते म्हणाले. "फोरमनला मी काय सांगू, की बाबा, तुझं बुडालं तसं माझंही बुडालं, आता बरं वाटलं का? राहू दे. त्यांना कुणावर तरी रागवायचं असेल तर रागवू दे."

मला ते पटलं नाही. मी वादही घातला. आजही मला वाटतं की त्यांनी दाखवायला हवं होतं. पण त्यांच्या मनात तो हिशेब नव्हताच. आपलं खरं होतं की खोटं, याला आता काही किंमत नाही असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

त्या दिवसांत हिमायतनगरचे एजंट ऑफिसात आले. मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला. आनंदात होते. सरांच्या पाया पडले आणि म्हणाले, "साहेब, त्या टायमाला तुमी आले न्हाई, लई बरं झालं बगा. आले असते तर मी थांबलो असतो. आज हे लग्न झालं नसतं."

ते अगदी मनापासून बोलत होते. सरांना कुठं लागेल हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. सरांनी पत्रिका घेतली, मुलीला आशीर्वाद दिला, त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले. परत आल्यावर ते कितीतरी वेळ काहीच न करता बसून होते. मी दाराच्या काचेतून पाहत होते आणि आत जावं की नाही हे मला ठरवता येत नव्हतं. मी गेले नाही.

थोड्याच दिवसांत त्यांनी राजीनामा दिला. निरोपसमारंभ नको म्हणाले. शिपायाबरोबर उभ्यानं चहा घेतला आणि उदगीरला गेले.

उदगीरहून एकदा त्यांचा फोन आला. देवणीला जायचंय, सुट्टी असेल तर येतेस का. एकट्यानं जायचा धीर होत नव्हता, असं त्यांनी म्हटलं नाही, पण मला ते कळलं. मी गेले.

काका पत्र्याच्या शेडमध्येच बसलेले होते. समोर गाळ्यांची रांग उभी होती, रंग दिलेली, एकात मोबाइलचं दुकान, एकात झेरॉक्सचं. काकांनी आम्हाला बाकड्यावर बसवलं, चहा सांगितला. पाऊसपाण्याचं विचारलं. माझ्या मुलाचं विचारलं. काकूंचं डोळ्याचं ऑपरेशन झालं ते सांगितलं. गाय विकली, म्हणाले, आता होत नाही. सर ऐकत होते. शेवटी त्यांनीच विषय काढला.

"काका, मी तुम्हाला थांबा म्हटलं."

"हाव."

"माझं चुकलं."

काकांनी पुढ्यातले अंक उगाच सारखे केले. आता ते दुसऱ्या कंपनीचेही पेपर ठेवत होते. "तुमचं काय चुकलं साहेब? तुमाला जे वाटलं ते तुमी बोलले. मला ठाऊक हाय तुमी इकले नसतील. लोक काय बी बोलतेत, मी न्हाई मानत." मग ते थांबले. "पर एक सांगू का? दुसऱ्या कुनाचं आयकून थांबलो असतो, तर आज त्याला पोटभर शिव्या दिल्या असत्या. मन मोकळं झालं असतं. तुमचं आयकून थांबलो. आता शिव्या बी देता येईनात."

चहाचा पेला त्यांच्या हातात तसाच होता, वर साय धरलेली. काकांनी तो काढून घेतला आणि दुसरा सांगतो म्हणाले. सर नको म्हणाले. निघताना काका शेडच्या बाहेर आले, हात जोडले. पूर्वी ते सरांचा हात धरून गाडीपर्यंत यायचे.

गाडीत सरांनी चष्मा काढला आणि रुमालानं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिले. मी बाहेर बघत राहिले. तूर, सोयाबीन, मध्येच एखादं माळरान.

नंतर आमचं बोलणं फोनवरच व्हायचं. मला पुण्यातल्या एका वृत्तसंकेतस्थळाची नोकरी चालून आली होती. नांदेड सोडायचं, नवऱ्याची बदली होईल की नाही ठाऊक नाही, मुलाची शाळा. अशा वेळी मी कुणाला विचारणार? मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मध्ये दोन प्रश्नही विचारले, आणि मला वाटलं आता सांगतील. ते म्हणाले, "तुझं तू बघ."

"तरी तुम्हाला काय वाटतं?"

"मला नको विचारू आता."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी आग्रह केला तेव्हा त्यांनी भावाची तब्येत, उदगीरचा उन्हाळा असं काहीतरी काढलं. त्यांचा भाऊ पुढे मला म्हणाला की दुकानात कुणी साडी दाखवून विचारलं, ही बरी का ती बरी, तरी ते सांगायचे नाहीत. हसून बाजूला व्हायचे. कापडवाल्याच्या घरात जन्मलेला माणूस. मी पुण्याला गेले नाही. का गेले नाही ते मला नेमकं सांगता येत नाही. कुणी जा म्हणालं असतं तर गेले असते, बहुतेक.

सर गेले ते उन्हाळ्यात, सकाळी पूजेला बसले असताना. मी उदगीरला पोचले तेव्हा लिंगायत रिवाजाप्रमाणे त्यांना बसवलेलं होतं, कपाळाला विभूती, गळ्यात हार, चेहरा फार थकलेला. दुकानाच्या गल्लीत बरीच माणसं होती, ती मुख्यतः भावाच्या ओळखीची. नांदेडहून आम्ही तिघं-चौघं. लातूरच्या छापखान्याचं कुणी आलं नव्हतं. देवणीचे काका आले होते. गर्दीत मागे, एकटे उभे. स्मशानभूमीत सगळ्यांनी बेलपत्र वाहिलं तेव्हा तेही पुढं आले, बेल वाहिला, वाकून मूठभर माती टाकली आणि कुणाशी न बोलता स्टँडच्या वाटेनं निघून गेले. मी हाक मारणार होते. मारली नाही.

सरांच्या भावानं मला आत बोलावून सांगितलं, "दादानं एक बी इकला न्हवता. तसेच पडून हायेत. मी म्हनलं व्हतं, जे येतंय ते घे. न्हाई म्हनला." त्याला ते कुणाला तरी सांगायचं होतं. मी ऐकून घेतलं. ज्यांनी ऐकायला हवं होतं त्यांतलं तिथं कुणीच नव्हतं.

ज्यांनी विकले होते त्यांचं काय झालं, असं मला कधी कधी विचारतात. व्यवस्थापकीय संचालक मानानं निवृत्त झाले. वित्तप्रमुख दुसऱ्या मोठ्या कंपनीत गेले. मधे बाजाराच्या नियामकांनी खुलासा मागवल्याची बातमी आली होती, तीही मीच पानावर घेतली. त्यापुढची बातमी आली नाही. कदाचित त्यांचं सगळं नियमात बसत असेल. मला ते ठरवता येत नाही.

सरांच्या निधनाची बातमी मी लिहून पाठवली. उदगीरची वार्ताहरकी, लातूरचा छापखाना उभा करणं, आम्हा सगळ्यांना शिकवणं, सगळं थोडक्यात, त्यांना आवडलं असतं तितकं थोडक्यात लिहिलं होतं. आमची पानं आता दुसऱ्या शहरात लागतात. तिथल्या डेस्कवर सरांना ओळखणारं कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिलोलीहून वडिलांचा फोन आला. ते अजूनही अंक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात.

"तुझ्या सरांचं आलंय आतल्या पानावर. दोन ओळी. माजी कर्मचारी म्हणून लिहिलंय. ते कोण होते ते लिहिलंच नाही की गं."

"मी लिहिलं होतं बाबा. जागा नव्हती म्हणाले."

पानं उलटल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, तू जेवलीस का, डोळे सुजलेत का, पोराला शाळेत सोडलं का. मी एकेकाचं उत्तर देत गेले. शेवटी ते म्हणाले, "आईला खीर करायला सांगतो. सुट्टी मिळाली की ये," आणि फोन ठेवला.